सैंधव आणि सामुद्र : मिठाविषयींच्या कांहीं प्रचलित समजुतींची परीक्षा

आरोग्यदायक आहाराविषयीं आज ज्या समजुती लोकांत रूढ आहेत, त्यांपैकीं बहुतेकांना प्राचीन आधार कोणी शोधीत नाहीं. मिठाची गोष्ट मात्र निराळी आहे. येथें प्रत्येक विधानामागें चरकाचें, सुश्रुताचें किंवा नुसतेंच ‘जुन्या पोथ्यांचें’ नांव घेतलें जातें. सबब हा विषय जितका वैद्यांचा आहे, तितकाच पोथ्यांचा संग्रह करणारांचा व त्या वाचणारांचाही आहे.

प्रचलित समजुतीचें स्वरूप थोडक्यांत असें : (१) आपले पूर्वज सैंधव, म्हणजे शेंदेलोण, हेंच मीठ खात, समुद्राचें मीठ इंग्रजांनीं आपल्या माथीं मारलें. (२) आयुर्वेदानें सामुद्र लवण त्याज्य ठरविलें आहे. (३) सैंधवांत सोडियम कमी व खनिजें पुष्कळ, म्हणून रक्तदाबाच्या रोग्यानेंही तें हवें तितकें खावें. (४) आयोडीन घातलेलें मीठ हा व्यापाऱ्यांचा डाव होय. त्याची शरीरास आवश्यकता नाहीं. यांपैकीं पहिलीं दोन विधानें इतिहासाचीं आहेत व पुढचीं दोन शरीरशास्त्राचीं. परंतु पहिल्या दोहोंवर विश्वास बसला कीं पुढचीं दोन विनाचौकशी पत्करलीं जातात. मग रक्तदाबाचा रोगी ‘सैंधव आहे’ म्हणून हात सैल सोडतो, आणि जेथें गर्भिणी व तान्हीं मुलें आहेत अशा घरांतूनही आयोडीनयुक्त मीठ बाहेर जातें. तेव्हां चारही विधानें पुराव्याच्या कसोटीस लावणें अवश्य आहे.

या परीक्षेस मीरा-भाईंदरचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तन-डोंगरीकडे समुद्र, आणि मधल्या खाजणांत भाईंदर, राई, मुर्धें, मोर्वें या बाजूचीं मिठागरें, अशी या भूमीची ठेवण आहे. १९८५ मध्यें येथें नगरपालिका व २००२ मध्यें महानगरपालिका झाली. वस्ती वाढली व मिठागरें आक्रसलीं. तथापि ठाणें जिल्ह्याच्या इतिहासांत भाईंदरचें नांव मिठाशींच जोडलेलें आहे. ज्या मिठास आज ‘परकें’ म्हणून हिणवलें जातें, तें येथील मातीचेंच पीक होय.

१. नांवांची साक्ष

प्रथम शब्द पाहूं. संस्कृतांत ‘सैंधव’ म्हणजे सिंधु देशांत झालेलें. मग तो घोडा असो वा मीठ. ‘सैंधव आण’ असें कोणी म्हटल्यास जेवणाच्या वेळीं मीठ आणावें आणि प्रवासाच्या वेळीं घोडा आणावा, हें प्रकरणावरून अर्थ ठरविण्याचें शास्त्रकारांचें नेहमींचें उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. बृहदारण्यकोपनिषदांत याज्ञवल्क्य मैत्रेयीस पाण्यांत विरघळणाऱ्या मिठाच्या खड्याचा दृष्टांत देतो, तेथेंही खडा सैंधवाचाच आहे. यावरून उत्तरेकडील ग्रंथकारांच्या पानावर सैंधव वाढलें जात असे, हें निर्विवाद मान्य केलें पाहिजे. पहिल्या समजुतीच्या बाजूनें असलेला हा सर्वांत बळकट पुरावा होय.

परंतु हा पुरावा उत्तरेचा आहे. मराठी भाषेची साक्ष वेगळी पडते. मराठींत नित्याच्या पदार्थास ‘मीठ’ हा साधा शब्द आहे. त्याचें मूळ संस्कृत ‘मृष्ट’, प्राकृत ‘मिट्ठ’, म्हणजे गोड किंवा रुचकर, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. गुजरातींतही ‘मीठुं’ म्हणजे मीठच. ‘लवण’ शब्दाचा वंश मराठींत ‘लोणचें’, ‘अळणी’ या शब्दांत टिकला. सैंधवास मात्र ‘शेंदेलोण’ असें जोडनांव द्यावें लागलें, तसेंच काळ्या मिठास ‘पादेलोण’. जी वस्तु नित्याची तिला साधें नांव मिळतें, व जी बाहेरून येते तिला विशेषण लागतें. मराठी स्वयंपाकघरांत निर्विशेष ‘मीठ’ कोणतें होतें, याचा निर्णय या एका गोष्टीनें बराचसा होतो.

२. वैद्यक ग्रंथांची साक्ष

आतां दुसरें विधान. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत लवणांमध्यें सैंधव श्रेष्ठ सांगितलें आहे, यांत संशय नाहीं. त्याच स्थानाच्या पांचव्या अध्यायांत नित्य सेवनास योग्य अशा पदार्थांत साठेसाळी, मूग, आंवळा, जव, दूध, तूप यांच्या पंक्तीस सैंधव बसविलें आहे. वैद्यांच्या परिभाषेंतही ‘लवण’ असें नुसतें म्हटलें असतां सैंधव घ्यावें, असा संकेत आहे. सैंधवाचे पक्षपाती येथपर्यंत बरोबर आहेत.

तथापि एक श्रेष्ठ म्हटल्यानें दुसरें त्याज्य ठरत नाहीं. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायांत सैंधवामागोमाग सामुद्राचेंच नांव घेतलें आहे. तें पाकीं मधुर, फार उष्ण नव्हे, दाह न करणारें, भेदक, किंचित् स्निग्ध, शूलनाशक व फार पित्त न वाढविणारें आहे, असें त्याचें म्हणणें. यांत निंदेचा एकही शब्द नाहीं. चरकही सामुद्रांत किंचित् माधुर्य आहे असें म्हणतो. ‘सामुद्र लवण विषासमान’ असें जें हल्लीं संदेशांतून फिरतें, त्याला या दोन्ही संहितांत आधार नाहीं.

येथें एका घोटाळ्याकडे संग्राहकांचें लक्ष वेधणें अवश्य वाटतें. जुन्या वैद्यांच्या बाडांत चूर्णांचे, लेपांचे, बस्तींचे योग असतात व त्यांत पावलोपावलीं ‘सैंधव’ येतें. तीं बाडें औषधाचीं आहेत, स्वयंपाकाचीं नव्हेत. ज्याप्रमाणें चूर्णांत हिरडा वारंवार येतो म्हणून आपले पूर्वज रोज हिरड्याची भाजी खात असें कोणी म्हणत नाहीं, त्याचप्रमाणें योगांतील सैंधवावरून पानांतील मिठाचा निर्णय करतां येत नाहीं. औषधाच्या पोथीचा नियम चुलीपाशीं आणून लावणें, हें या सर्व समजुतीचें मूळ दिसतें.

३. उपवासाचा आधार

‘उपवासास सैंधवच चालतें, यावरून समुद्राचें मीठ अपवित्र ठरतें’, असाही एक युक्तिवाद करण्यांत येतो. यासंबंधीं धर्मनिबंधांत हविष्यान्नाची जी प्रसिद्ध यादी उद्धृत केलेली आढळते, तींत सैंधव व सामुद्र हीं दोन्हीं लवणें एकाच समासांत, एका पंक्तीस बसविलेलीं आहेत. धर्मशास्त्रांतील भेद खाणीचें व समुद्राचें असा नसून, नैसर्गिक रीतीनें झालेलें व कृत्रिम रीतीनें शिजवून केलेलें असा आहे. श्राद्धांत मीठ उघडें वाढूं नये असें विष्णुस्मृति सांगते, व आपल्याकडे नैवेद्याच्या पानांत मीठ वाढीत नाहींत. पण ते निषेध एकंदर मिठाचे आहेत, सामुद्राचे नव्हेत. घराण्याच्या चालीप्रमाणें उपवासास शेंदेलोण वापरण्यास कोणाचा आक्षेप असण्याचें कारण नाहीं. परंतु ती चाल आहे. तिच्यावरून आरोग्याचा सिद्धांत काढतां येणार नाहीं.

४. राजशासनांची साक्ष

ग्रंथांपेक्षां शासनपत्रें अधिक बोलकीं असतात. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे जे दानलेख आहेत, त्यांत भिक्षुसंघास दिलेल्या जमिनीस ज्या सवलती लाविल्या त्यांपैकीं एक ‘अलोणखातक’ अशी आहे. म्हणजे त्या जमिनींत राजपुरुषांनीं मिठासाठीं खणूं नये. ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकांत महाराष्ट्रांत मीठ हा राजाचा हक्क होता व तें येथल्या जमिनींतून काढलें जात असे, असें यावरून दिसतें.

१९०५ मध्यें म्हैसूर येथें हातीं आलेल्या व १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत मिठावर स्वतंत्र लवणाध्यक्ष नेमलेला आहे. बाहेरून आलेल्या मिठावर सहावा हिस्सा कर, भेसळ करणारास जबर दंड, आणि श्रोत्रिय, तपस्वी व वेठीचे मजूर यांना जेवणापुरतें मीठ नेण्याची मुभा, असे नियम त्यांत आहेत. कोठाराच्या प्रकरणांत लवणवर्ग सांगतांना सैंधवाच्या जोडीस सामुद्र आहेच. समुद्राचें मीठ इंग्रजांनीं आणलें असें म्हणणारानें हें एवढें प्रकरण वाचलें तरी पुरे.

मराठेशाहीचा पुरावा तर थेट कोंकणचा आहे. १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस लिहिलेलें मिठासंबंधींचें पत्र अभ्यासकांस सुपरिचित आहे. पोर्तुगीज अमलांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडूं लागल्यामुळें व्यापारी तिकडे वळले व स्वराज्यांतील मिठाची विक्री बसण्याची भीति उत्पन्न झाली. तेव्हां बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून तें संगमेश्वराकडील मिठापेक्षां महाग पडेल असें करावें, असा त्या पत्राचा आशय आहे. येथें परकें मीठ आणि आपलें मीठ असा भेद आहे खरा. पण दोन्हीं मिठें समुद्राचींच! छत्रपतींनीं ज्याचें रक्षण केलें तें मीठ कोंकणच्या आगरांतलें होतें.

देशावरील लोक तरी काय खात? वंजारी व लमाण यांचे तांडे घाटावरून धान्य खालीं आणीत व परततांना बैलांवर कोंकणचें मीठ लादून वर नेत. पंजाबांतील खेवड्याच्या खाणीपासून पुण्यापर्यंतचें अंतर व बैलांच्या पाठीवरील वाहतुकीचा खर्च लक्षांत घेतां, शेंदेलोण हें या देशीं वैद्याच्या बटव्यांत किंवा श्रीमंताच्या उपवासाच्या ताटांत असणें स्वाभाविक होतें. शेतकऱ्याच्या भाकरीवर तें रोज पडत असेल हें संभवत नाहीं.

वसईच्या मोहिमेंत (१७३७-३९) साष्टी व वसई मराठ्यांकडे आली. घोडबंदर, धारावी हे प्रस्तुत प्रदेशांतील किल्लेही त्याच मोहिमेंत हातीं आले. १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांनीं घेतली. इंग्रजांचा मिठाशीं संबंध आला तो मीठ आणणारे म्हणून नव्हे, तर मिठावर कर घेणारे म्हणून. १८३७ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील मिठावर मणीं आठ आणे अबकारी बसली. पुढें ती वाढत गेली. बंगाल्यांत तर इंग्रजांनीं समुद्रकांठचा मिठाचा धंदा बसवून इंग्लंडांतील चेशायर परगण्याचें मीठ विकलें. तें मीठ जमिनींतील मिठाच्या थरांपासून काढलेलें होतें. म्हणजे परक्यांनीं खरोखर जें मीठ आणलें त्याचा उगम भूगर्भांतला, आणि जें बुडविलें तें समुद्राचें! प्रचलित समजूत इतिहासाच्या अगदीं उलट उभी आहे. १९३० मध्यें दांडीस गांधीजींनीं उचललें तें मीठ समुद्राचें. त्याच वर्षीं वडाळा व शिरोडें येथें ज्या मिठासाठीं लोकांनीं लाठ्या खाल्ल्या, तेंही समुद्राचेंच. सामुद्र लवण जर परक्यांची देणगी असतें, तर त्या सत्याग्रहास कांहीं अर्थच उरत नाहीं.

५. सैंधव श्रेष्ठ कां ठरलें?

मग प्राचीनांनीं सैंधवास पहिलें स्थान कां दिलें, असा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर मिठागरांत मिळण्याजोगें आहे.

पावसाळा सरल्यावर बांधबंदिस्ती करून उधाणाचें पाणी उघाडीवाटे मोठ्या तळ्यांत घेतात. तेथून तें क्रमाक्रमानें उथळ तळ्यांतून फिरवीत नेतात व उन्हानें आटूं देतात. प्रथम गाळ बसतो, मग चुनखडीच्या जातीचे क्षार खालीं बसतात, आणि पाणी मूळच्या सुमारें दहाव्या हिश्श्यावर आलें म्हणजे शेवटच्या चौरस कुंड्यांत खाण्याचें मीठ धरूं लागतें. उरलेलें पाणी सर्व आटूं देतां कामा नये. कारण त्यांत मॅग्नेशियमचे कडू क्षार असतात. तें वेळींच काढून टाकलें नाहीं, तर मीठ कडवट, ओलसर व रेचक होतें. हें ज्ञान आगऱ्यांच्या हातांत व डोळ्यांत पिढ्यान्पिढ्या आहे. ‘आगरी’ हें जातिनाम ‘आगर’ शब्दावरूनच आलें आहे.

आतां सुश्रुताचें ‘भेदक’ हें विशेषण पुन्हा पहावें. मॅग्नेशियमचे क्षार रेचक असतात, हें आज सर्वांस ठाऊक आहे. सामुद्र लवणाचा जो गुण त्यानें नोंदविला, तो या कडू अंशाचा असावा, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. ज्या काळीं समुद्राचें मीठ गाळमिश्रित व कडवट येई, त्या काळीं खाणींतून निघणारें स्फटिकासारखें सैंधव सर्वांत शुद्ध ठरावें, यांत नवल नाहीं. प्राचीनांचा निर्णय त्यांच्या निरीक्षणास धरूनच होता. परंतु ज्या कारणानें तो झाला, तें कारण धुतलेल्या व शुद्ध केलेल्या आजच्या मिठाच्या बाबतींत राहिलेलें नाहीं. कारण गेलें असतां निर्णय तेवढा डोक्यावर घेऊन चालणें शास्त्रीय नव्हे.

६. अर्वाचीन पुरावा

आतां उरलेलीं दोन विधानें. सैंधव काय किंवा सामुद्र काय, दोहोंचा मुख्य घटक सोडियम क्लोराइड हाच होय. खाण्याच्या सैंधवांतही तो बहुधा शेंकडा ९५ च्या वरच असतो, आणि त्यांतील सोडियम वजनानें शेंकडा ३९ च्या सुमारास भरतें. ‘सैंधवांत सोडियम कमी’ हा भास चमच्यामुळें होतो. भरड खडे चमच्यांत कमी मावतात. तराजूंत घातले असतां फरक नाहींसा होतो. शिवाय सैंधव कमी खारट लागतें म्हणून अधिक घातलें जातें, हें निराळेंच.

खनिजांची गोष्टही मापानें पहावी. सैंधवांत अनेक खनिजें सांपडतात हें खरें, पण किती? पांच ग्रॅम गुलाबी सैंधवांतून पोटॅशियम जेमतेम १० ते २० मिलिग्रॅम मिळतें, आणि प्रौढ मनुष्यास दिवसाकांठीं तें ३,५०० मिलिग्रॅम तरी हवें. एका केळ्यांत त्याच्या वीसपट असतें. ऑस्ट्रेलियांत विकल्या जाणाऱ्या गुलाबी मिठाच्या ३१ नमुन्यांची तपासणी २०२० मध्यें प्रसिद्ध झाली. खनिजांचा कांहीं जाणवण्याजोगा लाभ व्हावयाचा तर दिवसास ३० ग्रॅमांहून अधिक मीठ खावें लागेल, असें तींत आढळलें. एका नमुन्यांत तर शिशाचें प्रमाण मर्यादेबाहेर निघालें.

आयोडीनच्या बाबतींत सुश्रुताचें एक वचन विलक्षण आहे. सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत, हिमालयांत उगम पावणाऱ्या नद्यांच्या पाण्यानें जे रोग होतात त्यांत त्यानें गलगंड सांगितला आहे. हिमालयाच्या पायथ्याची भूमि आयोडीनला वंचित आहे, हें आजच्या शास्त्रानें ठरविलें. गलगंड त्या देशाशीं निगडित आहे, हें त्या प्राचीन वैद्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं कांगडा खोऱ्याचे तीन विभाग करून, दोन विभागांस आयोडीनयुक्त व एकास साधें मीठ पुरविलें. कांहीं वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड स्पष्टपणें घटला, तिसऱ्यांत तो घटला नाहीं. पुढें तिसऱ्यासही आयोडीनयुक्त मीठ दिल्यावर तेथेंही तो उतरला. १९६२ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामागें हा अनुभव होता. अशा प्रयोगास व्यापाऱ्यांचा डाव म्हणणें हा त्या श्रमांचा अपमान होय. आयोडीनच्या अभावानें केवळ गळा सुजतो असें नव्हे. गर्भावस्थेंत व बालपणीं त्याची तीव्र उणीव झाल्यास बुद्धीची वाढ खुंटते. १७ मे २००६ पासून खाण्यासाठीं आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशांत पुन्हा बंदी झाली, ती याच कारणास्तव.

येथें आपल्या भाईंदरच्या अभिमान्यांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘आगरचें खडे मीठ समुद्राचेंच, तेव्हां त्यांत आयोडीन असणारच’, असें पुष्कळांस वाटतें. हिशेब असा : एक लीटर समुद्राच्या पाण्यांत क्षार सुमारें ३५ ग्रॅम व आयोडीन सुमारें ६० मायक्रोग्रॅम. सर्वच्या सर्व आयोडीन मिठांत उतरलें असें धरलें, तरी पांच ग्रॅम मिठांत नऊ मायक्रोग्रॅमही भरत नाहीं. आणि प्रौढास रोज १५० लागतें. वस्तुतः खडा धरतांना त्यांतलें बहुतेक मागेंच राहतें. म्हणजे या बाबतींत सैंधव व सामुद्र दोन्हीं सारखींच रिकामीं. आयोडीन वरून घालावें लागतें. दशलक्षांत ३० भाग या प्रमाणानें घातलें असतां पांच ग्रॅम मिठांत बरोबर १५० मायक्रोग्रॅम येतें. सबब मीठ कमी केल्यास आयोडीन मुळींच मिळणार नाहीं, ही भीतिही निराधार आहे.

७. मुख्य मुद्दा : मात्रा

आतांपर्यंत जातीचा विचार झाला. परंतु प्राचीन व अर्वाचीन दोघांच्याही दृष्टीनें महत्त्वाची आहे ती मात्रा, आणि नेमकें तेंच प्रकरण सैंधवाचे अभिमानी उघडीत नाहींत. चरकाच्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत पिंपळी, क्षार व लवण हे तीन पदार्थ अति सेवूं नयेत, असा स्पष्ट उपदेश आहे. योग्य प्रमाणांत लवण रुचि देतें व अन्न पचवितें. पण अतिसेवनानें ग्लानि, मांसरक्ताचें शैथिल्य व क्लेश सोसण्याची असमर्थता येते, तसेंच अकालीं टक्कल, पिकलेले केस व सुरकुत्या दिसूं लागतात. अतिसेवन करणाऱ्या लोकांचीं उदाहरणें देतांना त्यानें बाह्लीक, सौराष्ट्रिक, सैंधव व सौवीरक यांचीं नांवें घेतलीं आहेत. हे लोक दुधाबरोबरही मीठ खातात, असें तो म्हणतो. ‘सैंधव’ म्हणजे सिंधु देशचे रहिवासी. ज्या भूमीच्या नांवानें उत्तम मीठ ओळखलें जाई, त्याच भूमीचे लोक! मीठ उत्तम जातीचें असलें म्हणजे अतिसेवनाचा दोष टळतो, असें चरकाचें मत असतें, तर हें उदाहरण त्यानें दिलें नसतें. सैंधवास श्रेष्ठ म्हणणारा आणि सैंधव लोकांस दोष देणारा ग्रंथ एकच आहे. एक वाक्य उचलून दुसरें झांकणें हा पोथीचा आदर नव्हे.

पूर्वज मीठ किती खात, याचा एक अंदाज अर्थशास्त्रावरून करतां येतो. त्यांत एका आर्य पुरुषाच्या जेवणास एक प्रस्थ तांदूळ, त्याचा चतुर्थांश वरण व वरणाचा सोळावा हिस्सा मीठ सांगितलें आहे. म्हणजे मीठ प्रस्थाचा चौसष्टावा भाग. वैद्यक मानानें प्रस्थ ६४ तोळ्यांचा, त्यामुळें मीठ एक तोळा. अर्थशास्त्राच्या स्वतःच्या मानानें प्रस्थ साडेबारा पलांचा, म्हणजे ५० कर्षांचा, व कर्ष ८० गुंजांचा; त्यामुळें मीठ पाऊण कर्षाहून किंचित् अधिक. धान्याचें माप व तोल यांतील अंतर ध्यानांत घेऊन, ७ ते १२ ग्रॅमांच्या आसपासचा हा आंकडा आहे असें म्हणतां येईल. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणींत भारतांतील प्रौढांचें मीठ दिवसास सरासरी ८ ग्रॅम निघालें. दोन सहस्र वर्षांपूर्वींचा शिधा व आजचें ताट यांत फारसें अंतर नाहीं! तेव्हां ‘पूर्वज मीठ फार थोडें खात’ हें विधानही जपूनच करावें. मात्र तो शिधा आरोग्याचें मान म्हणून सांगितलेला नाहीं, कोठाराचा हिशेब म्हणून सांगितला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढास दिवसाकांठीं ५ ग्रॅमांहून कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमांहून कमी सोडियम, अशी मर्यादा सांगितली आहे. १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ३२ देशांतील ५२ ठिकाणांच्या पाहणींत दहा हजारांवर लोक तपासले गेले. सोडियम अधिक तेथें रक्तदाब अधिक, असा संबंध तींत आढळला. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारें २१ हजार लोकांवर केलेला प्रयोग २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मिठांत चौथा हिस्सा सोडियमऐवजीं पोटॅशियमचा क्षार घातला, त्यांच्यांत पक्षाघाताचें प्रमाण शेंकडा १४ नें कमी भरलें. (मूत्रपिंडाच्या रोग्यानें असें मीठ वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.) लाभ झाला तो सोडियम कमी झाल्यानें व पोटॅशियम वाढल्यानें, मीठ खाणींतलें कीं खाडींतलें, याचा त्यांत संबंध नव्हता.

८. निष्कर्ष व विनंति

एवंच, (१) महाराष्ट्राचें, निदान कोंकणचें व घाटालगतच्या देशाचें, नित्याचें मीठ समुद्राचें होतें. (२) आयुर्वेदानें सैंधव श्रेष्ठ म्हटलें, पण सामुद्र त्याज्य म्हटलें नाहीं. (३) सोडियमच्या बाबतींत दोहोंत भेद नाहीं. (४) आयोडीनची आवश्यकता प्रयोगसिद्ध आहे व तें कोणत्याही नैसर्गिक मिठांतून पुरेसें मिळत नाहीं. प्राचीनांच्या दोन निर्णयांपैकीं सैंधवाची श्रेष्ठता हा काळसापेक्ष ठरतो. लवण अति सेवूं नये, हा मात्र आजच्या पुराव्यानें अधिक दृढ होतो. चरकास मान द्यावयाचा तर मीठ बदलूं नये. मीठ कमी करावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. ज्यांच्याकडे जुन्या घराण्यांचे कोठीचे जाबते, मुदपाकाचे हिशेब, ब्राह्मणभोजनाच्या व लग्नकार्यांच्या यादी असतील, त्यांनीं त्यांतील मिठाचा तोल व पानांची संख्या या दोन रकमा एकत्र टिपून प्रसिद्ध कराव्या. शेंदेलोण व मीठ हीं नांवें निरनिराळीं आलीं आहेत काय, त्यांचे भाव काय, खरेदी कोठून, हेंही पहावें. अशा पांचपन्नास यादी मोडींतून बाहेर आल्या, तर आपल्या पणजोबांच्या ताटांत कोणतें मीठ किती पडे, याचें उत्तर संदेशांवरून न घेतां कागदांवरून देतां येईल. भाईंदरकडील मिठागरांचे जुने करारनामे व सारावसुलीचे कागद ज्या घरांत अद्याप पेटींत आहेत, त्यांनींही ते वाळवीच्या आधीं अभ्यासकांच्या हातीं द्यावे. आगरें बुजत चाललीं आहेत. निदान त्यांचे कागद तरी राहावे.